राजीनाम्याची मागणी

प्रिय ताई,

तुझे गुडघे काय म्हणतात? आम्ही ठीक आहोत. निवृत्त झाल्यापासून मी दिवसभर घरात पायात पायात येतो, अशी तुझ्या भावजयीची तक्रार आहे.

परवा नगरपालिकेचा निकाल लागला. तुझ्या जुन्या वॉर्डातून शाळेतली विज्ञानाची बाई निवडून आली. घटस्फोटित आहे, मुलीला एकटीनं वाढवते. प्रचारसभेत एकानं तिच्या नवऱ्याचा विषय काढला, तर पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून म्हणाली, "बाबा रे, तिच्या नवऱ्याचं राहू दे, आमच्या नळाचं बोल." अख्खा हॉल हसला. तो मुकाट्यानं खाली बसला. मीही हसलो, पण मग मला तिथं बसवेना.

बत्तीस वर्षांपूर्वी, तू नगरसेविका असताना, त्याच हॉलमध्ये तुझ्याविरुद्ध दीडशे सह्यांचा अर्ज वाचला गेला. तू नवऱ्याचं घर सोडलंस, एवढाच गुन्हा. तू खेटे घालून वॉर्डात दवाखाना आणलास, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तू एका ओळीत राजीनामा लिहिलास, टेबलाचा खण रिकामा केलास. बसस्टॉपपर्यंत तुझी पिशवी मी धरली होती. "तू तरी आहेस," म्हणालीस. आता सगळे म्हणतात, लोक बदलले. बदलले खरेच. पण मला वाटतं, तेव्हाही निम्म्यांना ते पटलं नव्हतं; आधी तोंड कुणी उघडायचं, म्हणून सगळे गप्प राहिले.

नव्या नगरसेविकेला तुझा सत्कार करायचाय, त्याच दवाखान्यात. प्रास्ताविक मी करावं म्हणाली, पडत्या काळात पाठीशी उभा राहिलेला भाऊ म्हणून. ताई, तो अर्ज मी लिहिला होता. पक्षाच्या कचेरीत नुकताच चिकटलो होतो. अध्यक्ष म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे," आणि मी लिहायला बसलो. 'जिला स्वतःचं घर सांभाळता येत नाही, ती वॉर्ड काय सांभाळणार?' पुढं गावभर झालेलं ते वाक्य कुणी सांगितलेलं नव्हतं, माझंच होतं. काल हे सारं मी त्या बाईला सांगितलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगता? आधी ताईंना लिहा." म्हणून हे पत्र. यायचं की नाही, ते आता तू ठरव. आलीस तर प्रास्ताविक दुसरं कुणीतरी करेल. मी खुर्च्या मांडीन.

तुझाच, अजूनही म्हणू देशील तर,
धाकटा