टोपलीसकट वजन

आय, आज दुपारी तुझी पणती पोटभर जेवली. भात, कोलंबीचं कालवण आणि वर अर्धी भाकरी. मी समोरच होते, पण बघते आहे असं दाखवलं नाही, मान खाली घालून आपला घास चावत राहिले. किती दिवसांनी पोरीने स्वतःहून वाटी पुढे केली. मला इतका आनंद झाला की कुणाला सांगू ते कळेना. सुनेला सांगितलं तर ती रडायलाच लागली, लेकाला फोन लावला तर तो म्हणाला, "आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो." मग म्हटलं, तुलाच सांगावं. अक्षर माझं अजून चौथीत सोडलं तसंच आहे, ओळ निघते सरळ आणि जाता जाता वर चढते. चालवून घे.

पोर पंधरा वर्षांची आहे, तुझ्यासारखी रुंद खांद्यांची. शाळेत कोण काय बोललं देव जाणे, मोबाईलमध्ये स्वतःचा फोटो काढायची आणि बोटाने त्याच्यातली कंबर बारीक करून बघत बसायची. आधी रात्रीचं जेवण सुटलं, मग डबा भरलेलाच परत यायला लागला. डॉक्टरीणबाईंनी रक्त कमी आहे सांगितलं, गोळ्या दिल्या, मनातलं बोलायला एक बाई दिल्या, त्याही चांगल्या आहेत. पण घरात कुणी जेवणाचं नाव काढलं की पोर खोलीचं दार लावून घ्यायची. परवा मी त्या दाराशी पाट घेऊन बसले आणि तिला तुझी गोष्ट सांगितली. दार बंदच होतं, दारालाच सांगितली म्हण.

तुला आठवतं ना ते वर्ष? मी चौदा पुरी केली होती आणि वेसाव्याहून तुझ्याबरोबर अंधेरीच्या बाजारात येऊन बसायला लागले होते. मला बाजार फार आवडायचा गं. ओल्या फळ्या, बर्फाचा चुरा, गिऱ्हाइकांशी तुझी ती भांडणं. पण त्याच वर्षी माझं अंग भरलं. नळावरची पोरं मला बघून ओरडायची, "मचवा आला, मचवा आला, बाजूला व्हा." आपल्यात मचवा म्हणजे किती मोठं गलबत, आणि मी पाण्याची कळशी घेऊन तिथे उभी. हसल्यासारखं करायचे आणि घरी येऊन लुगड्याचा काष्टा इतका आवळायचे की कमरेवर वळ उठायचे.

त्यातून अंधेरी स्टेशनवर ते वजनाचं यंत्र होतं, लाल-हिरवे दिवे फिरायचे ते. नाणं टाकलं की खाडकन तिकीट पडायचं, एका बाजूला नटीचा फोटो, दुसऱ्या बाजूला वजन आणि भविष्य. भविष्य नेहमी चांगलंच असायचं. वजन वाढलं की मला त्या नटीचाच राग यायचा. मी जेवण कमी करत गेले. सकाळची पेज मांजराला, दुपारची भाकरी शेजारच्या कोंबड्यांना. विचारलंस की म्हणायचे, "मासळी नको वाटते, वास येतो."

माझ्या तोंडून हेच निघालं आणि तुझं काहीतरी भलतंच झालं. बाजारात शेजारी बसूनही माझ्याशी कामापुरतं बोलायचीस. मला वाटलं, जेवत नाही म्हणून रागावलीस. तुझ्या मनात दुसरंच होतं. बिल्डिंगमधल्या मुली आपल्या टोपल्यांसमोरून नाकाला रुमाल लावून जायच्या, त्यांचं बघून आपल्या पोरीलाही मासळीची लाज वाटायला लागली, असं तू धरून बसलीस. आपल्याच माणसांना असा संशय येऊ शकतो, दुसऱ्या कुणाच्या घरी पोरगी जेवली नाही तर संशय थेट धंद्यावर जात नाही.

मग तो दिवस आला. भर बाजारात पापलेटाचा वाटा लावताना माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी बर्फात पडले. शुद्धीवर आले तेव्हा डोकं तुझ्या मांडीवर आणि तू विचारतेयस, "खरं बोल. लाज वाटते काय गो तुला आमची?"

मी म्हटलं, "तुमची नाही. माझी. जाडी आहे मी."

तू हसलीस. आय, ते हसणं मला फार लागलं होतं. तुझ्या मनावरचा दगड उतरला म्हणून तू हसलीस, हे मला स्वतःला पोर झाल्यावर कळलं. त्या वेळी मी हमसून रडले. तशी तू हसायची थांबलीस, पदराने माझं तोंड पुसलंस आणि अंगठ्याने माझी खालची पापणी ओढून बघितलीस, मासा ताजा आहे का बघायला गिऱ्हाईक त्याचा कल्ला उघडून बघतं अगदी तशी. "कल्ला पांढरा पडलाय तुझा," तू म्हणालीस. "शिला माल मी बाजारात नेत नाय. तांबडा झाला की ये."

मला वाटलं गंमत करतेस. पण दुसऱ्या सकाळी खरंच मला घरी ठेवून गेलीस. मी दारात उभी राहून रडतेय आणि तू वळूनसुद्धा बघत नाहीस. माझी जागा तुझ्या शेजारची, ती रिकामी राहणार, नाहीतर मावशीच्या पोरीला मिळणार, या धास्तीने माझा जीव अर्धा झाला. रोज निघताना तू मला उजेडात आणून पापणी ओढायचीस. "अजून नाय," म्हणायचीस आणि टोपली उचलायचीस.

जेव म्हणून मात्र एकदाही म्हणाली नाहीस. बाजारातून आलीस की दोघींत ताट एकच घ्यायचीस. नाचणीची भाकरी, सुकट, माठाची भाजी, आणि मी बसेपर्यंत तू घासाला हात लावायची नाहीस. पहिल्या दिवशी मी हट्टाने बसले नाही तर तू सरळ उपाशी आडवी झालीस. दुसऱ्या दिवशी मी बसले. चार घास खाल्ले असतील. त्याआधी तू कधी जेवायचीस ते आम्हां पोरांना माहीतच नव्हतं, सगळ्यांचं झालं की टोपाच्या तळाचं गार खरवडायचीस. माझ्यामुळे त्या दिवसांत तुला ऊन ऊन जेवण मिळालं. माझ्याबरोबर तुझाही चेहरा उजळला होता, शेजारीण म्हणालीसुद्धा, "बाय, तूपण आजारी होतीस काय?" संध्याकाळी मला किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायला घेऊन जायचीस. हात वर करून, टाचा उचलून, एकेक जोडी काठीवर टाकायची. त्याने भूक लागायची आणि आडवं झालं की झोप यायची. मला वाटायचं, तुला मदत हवी आहे.

नळावरच्या एका पोराचं तर मी पणतीला तीनदा सांगितलं. तो मला मचवा म्हणाला आणि नेमकी तू मागे होतीस. तू शांतपणे म्हणालीस, "मचवा? तुझा बाप इतकी वर्षं घेईन घेईन म्हणतोय, अजून होडीतच हाय." बाकीची पोरं त्यालाच हसली. हे ऐकल्यावर दाराच्या आतून पहिल्यांदा खुदकन आवाज आला, आय.

शेवटी एका सकाळी तू पापणी ओढलीस, पुन्हा बघितलीस आणि छोटी टोपली माझ्या डोक्यावर ठेवलीस. स्टेशनपाशी आलो तशी माझी नजर त्या यंत्राकडे गेली आणि तुला कळलं. "ह्याच्यावर उभं राहून काय समजतं?" म्हणालीस आणि मी सांगायच्या आत भरली टोपली डोक्यावर घेऊन चढलीस. तिकीट पडलं. मी आकडा वाचला. आजूबाजूची माणसं फिदीफिदी हसतायत आणि तू खूश. बाजारात जाऊन सगळ्या ओळीला सांगितलंस, "एवढं वजन भरलं माझं." समोरची म्हणाली, "टोपली उतरवायची ना आधी, येडे." तू म्हणालीस, "का उतरवू? टोपली काय शेजारणीची हाय?" मग काय, दुपारी त्या सगळ्या टोपल्या घेऊन यंत्रावर, आणि कुणाचं जास्त भरलं त्यावर वाद. स्टेशनमास्तर हाकलायला आला तर त्यालाही वर चढा म्हणाल्या. मी हसून हसून खाली बसले. पुन्हा त्या यंत्रावर चढायची मला इच्छा झाली नाही.

तर इथवर सांगितल्यावर दार उघडलं. पणती माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आजी, बघ ना माझा कल्ला." मी बघितला. फिकाच आहे अजून. तसं सांगितलं तिला. आणि आज ती जेवली, मीही तिच्या ताटात जेवले. गोळ्या चालू आहेत, त्या बाईंकडे जाणंही चालू आहे, एका जेवणाने सगळं झालं असं मी म्हणत नाही. पण मला आज आनंदच होतोय, त्याला काय करू.

हे तुझ्यापर्यंत पोचायचं कसं? उत्तनच्या मावशीचं पोस्टकार्ड आलं की वाचून दाखवणारी मीच होते, तुला अक्षर येत नव्हतं. आता तू गेलीस तिथे हे कोण वाचून दाखवणार? घडी घालून गादीखाली ठेवते.

एक राहिलं. पोरीने विचारलं, "त्याच्यानंतर तुला कधीच जाड वाटलं नाही, आजी?" मी पटकन म्हटलं, कधीच नाही. तसं नाही गं. माझ्या लग्नाच्या फोटोत मी पोट आत ओढून, श्वास कोंडून उभी आहे, तू शेजारी होतीस तरी तुला कळलं नाही. परवा नातेवाइकाच्या हळदीला फोटो काढला तेव्हाही सुनेच्या मागे सरकले. उद्या जेवताना सांगेन तिला, की वाटतं, या वयातही वाटतं, आणि तरी मी जेवते.