छाट विड्या

प्रिय अक्का,

आईचं सूप न विचारता नेलं, नेलं, नेलं! किती वेळा ऐकवशील? आई गेल्यावर माळ्यावर त्याला उंदीर लागले होते, तेव्हा कुठं होतीस? फोनवर बोलायला गेलो की कापतेस, म्हणून लिहितोय. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लावून वाच.

इथं के. आर. पुरमच्या शेडमध्ये दिवसभर फायबरचे हत्ती घासतो. मोठ्या सोसायट्यांच्या दारात उभे करतात ते. नाकातोंडात भुकटी जाते, आईसारखाच खोकतो. दोन वर्षांत तीन ठिकाणं सोडली, कुठं मन लागत नाही. रविवारी मालक आप्पाजी उरलंसुरलं रेझिन देतात. "स्वल्पच घे रे," म्हणतात आणि पाठ फिरवतात. त्यातून एक बसलेली मूर्ती केली. आईचं लुगडं त्यात भिजवून वाळवलं, वाकलेल्या पाठीसारखं कडक झालं. विडीची पानं कापायचे तिचे पत्र्याचे फर्मे जोडून मान केली. हाताचं एक बोट ताठच ठेवलं. मांडीवर ते सूप, सुपात विड्या. त्या मीच वळल्या. शाळा सोडून एवढी वर्षं वळल्या, पण अजून वाकड्याच होतात गं.

आप्पाजी बघून म्हणाले, "ह्या पोरीला कुणी मारलंय?" मी हत्ती घासायला लागलो. परवा हत्ती बघायला एचएसआर लेआउटच्या श्वेताबाई आल्या. त्यांना ऑफिसात ठेवायला हीच हवी झाली. कोण आहे, म्हणाल्या. मी म्हटलं, कुणी नाही, मनानं केली.

खोटं बोललो. तू आहेस ती. त्या दिवशी निपाणीत मुकादमानं माझ्या वाकड्या विड्या छाट म्हणून बाजूला काढून फेकल्या, आईची दिवसाची मजुरी बुडाली. घरी येऊन तिनं विचारलं कुणाच्या, तर तू म्हणालीस, माझ्या. तिनं कात्रीच्या मुठीनं तुझ्या बोटांवर मारलं. मी भिंतीला टेकून दोरा गुंडाळत राहिलो. तुझं ते बोट अजून मिटत नाही. दर राखीला बघतो आणि चहा मागतो.

बाईंनी सगळे पैसे आधीच दिलेत. मूर्ती अजून शेडमध्येच आहे, गोणपाटाखाली. तुझ्या होकाराशिवाय ती हलणार नाही. पैसे ठेवून घेतलेस तर बाईंना नेऊ देईन. परत पाठवलेस तर त्यांचे त्यांना देईन आणि मूर्ती तुझ्या दारात आणून ठेवीन. मग फोड नाहीतर ठेव, मी विचारणार नाही. आज तुझ्या खात्यावर टाकलेत, बावीस हजार रुपये.

तुझाच,
योगीराज