मुकादम झुरत नाहीये

प्रिय ठकू,

आधी खाली बस. पुलाच्या कामावर, वाऱ्यात उभ्याउभ्या हे पत्र वाचायचं नाही. परवा फोनवर तू म्हणालीस की सोमवारी साहेबांना राजीनामा देते आणि घरी येते, कारण मुकादम तुझ्यावाचून झुरून मरतोय. मी त्यावर नुसतं हं केलं. फोनवर मला धड बोलता येत नाही आणि शेजारून आई मध्ये मध्ये बोलत असते, म्हणून हे कुरियरने पाठवतोय. शनिवारी मिळेल. शेवटपर्यंत वाच, मग काय ते ठरव.

तू गेल्यावर मुकादम खाजवायला लागला, इतकं तुला माहीत आहे. आधी नुसतं पाठीमागे वळून शेपटीच्या बुडाशी दातांनी कुरतडायचा. मग तिथले केस गेले आणि तळव्याएवढा लाल, ओलसर चट्टा पडला. रात्रंदिवस तेच, बिचाऱ्याचा डोळ्याला डोळा नाही. आईने पहिल्या दिवशीच निदान करून टाकलं, की हा झुरतोय. मग उपचारही त्याच धोरणाने झाले. तुझं निळं ब्लँकेट कपाटातून काढून त्याच्या टोपलीत घातलं, आणि ते धुवायचं नाही अशी सक्त ताकीद, का तर तुझा वास जाईल. संध्याकाळी त्याच्याशी तुझ्याबद्दल गप्पा. स्वतःच्या शाम्पूने दर दोन दिवसांनी आंघोळ. समोरच्या निवृत्त मास्तरांनी अंगाला तेल चोळायला सांगितलं, तेही झालं. मुकादम तेलकट झाला, सोफा तेलकट झाला, खाज मात्र जागच्या जागी. मीही फार शहाणपणा केला असं नाही. मलाही वाटत होतं की झुरतच असेल, न झुरायला काय झालं.

शेवटी चट्ट्यातून पू यायला लागला तेव्हा दुकान अर्धा दिवस बंद ठेवून आम्ही त्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण बाई आहेत, बोलणं कमी. आई त्यांना तुझी सगळी कहाणी सांगत होती, नोकरी कशी लागली इथपासून. त्या ऐकत ऐकत बारीक दातांच्या फणीने मुकादमाची पाठ विंचरत होत्या. फणीतून काळी भुकटी पडली ती त्यांनी ओल्या पांढऱ्या कागदावर झटकली. मला वाटलं धूळ. तर त्या काळ्या कणांभोवती हळूहळू तांबूस डाग पसरला. मी खिशातलं भिंग काढून पाहिलं. आयुष्यभर लोकांच्या चष्म्यांच्या काचा तपासल्या, पण पिसवांची विष्ठा अशी निरखून पाहायची वेळ पहिल्यांदाच आली. ती पचलेल्या रक्ताची असते, म्हणून पाण्यात लाल होते.

मग डॉक्टर आईला म्हणाल्या, "हा झुरत नाहीये. ह्याला पिसवा चावतायत."

आईला हे मुळीच आवडलं नाही. आमच्या घरात पिसवा कुठून येतील, एक तरी दिसली का, असं तिने फणकाऱ्याने विचारलं. डॉक्टरांनी समजावलं की कुत्रा चाटून चाटून त्या गिळून टाकतो, म्हणून दिसत नाहीत. पण पिसूच्या लाळेचीच ॲलर्जी असली तर एखाददुसरी चावली तरी पुरे. त्यातून माणसांच्या शाम्पूने कातडी कोरडी पडली आणि कुरतडून जखम चिघळली. जखमेला गोळ्या, खाजेला गोळ्या आणि मानेवर दर महिन्याला औषधाचे थेंब दिलेत. चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं आहे. ते घालून तो दारांना धडकत घरभर पाहणी करत फिरतो, मुकादमकी सुटलेली नाही. पण डॉक्टरांनी मुख्य गोष्ट शेवटी सांगितली. अंडी कुत्र्याच्या अंगावर राहत नाहीत, तो झोपतो तिथे पडतात. त्याचं अंथरूण कडक गरम पाण्यात धुवायचं, नाहीतर सगळे उपचार पाण्यात.

म्हणजे तुझं ब्लँकेट. घरी आल्यावर आईने टोपली धुतली, सोफ्याचे अभ्रे धुतले, फरशीच्या फटी झाडल्या, आणि ब्लँकेट तसंच. मी आठवण केली की म्हणायची, करते. दोन दिवस गेले, मुकादम पुन्हा खाजवायला लागला. तिसऱ्या दिवशी मी दुकानातून जेवायला आलो तर ती वॉशिंग मशिनपाशी ब्लँकेट नाकाला लावून उभी होती. पिसवांसकट. तिने ते आत टाकलं, बटण दाबलं आणि म्हणाली, "आता तिच्या वासाचं घरात काही उरलं नाही." मग मशिन बंद होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच स्टुलांवर बसून राहिलो. जेवण राहून गेलं.

मुकादम बरा आहे, ठकू. चट्टा सुकला, त्यावर लव उगवतेय, काल दुपारी तो उताणा पडून घोरत होता. फरशीच्या फटींत राहिलेल्या पिसवा अजून काही आठवडे निघत राहतील, त्यांचं मी बघतो. तुला तो विसरला नसेल, पण तुझ्यापायी त्याचं काही अडलेलं नाही. तेव्हा सोमवारी राजीनामा द्यायचा नाही. तू फोनवर पुलाच्या त्या खांबांबद्दल कशी बोलतेस ते मी ऐकलंय. हे सगळं मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, शेवटी काय लिहायचं ते तुम्ही लिहा, मला जमायचं नाही. तर लिहितो. झुरत होतो ते आम्ही, आणि ते सांगायची लाज वाटली म्हणून आईने कुत्र्याचं नाव पुढे केलं आणि मी ते चालू दिलं. आता तेही कारण हाताशी नाही. तरी सुट्टी मिळाली की चार दिवस ये. आमच्यासाठी ये.

तुझाच,
बाबा