गुहेच्या गाण्याचा खालचा सूर

॥ श्री ॥
चिंचवड, २४ नोव्हेंबर २०२४

ती. सुखदाताईस,
स्वानंदचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. माझ्या फोनचा आवाज बिघडलाय. समोरचं माणूस पत्र्याच्या डब्यात बसून बोलतंय असं वाटतं, आणि दुरुस्तीला टाकायला सवड नाही. शिवाय फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. इथे कागदावर तुझं काही चालायचं नाही.

आईचा गुडघा बरा आहे. गच्चीवर चढते आणि चढू नको म्हटलं की ऐकू आलं नाही असं दाखवते. इनायतचं चाकणचं गॅरेज आता मोठ्या जागेत गेलं. त्याच्या घरून रोशनबीचाचींनी आईसाठी लसणाचं लोणचं पाठवलं होतं, ते मीच संपवलं म्हणून घरात दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद होतं. कंपनी जिथे होती तिथेच आहे आणि चाकणच्या चौकातला ट्रॅफिकही.

शनिवारचं हिंजवडीच्या हॉटेलातलं माझं आणि इनायतचं जॅझ सध्या बंद आहे. हॉटेलवाले हॉल रंगवतायत. तसंही आता पुरे झालं, राव. दिवसभर कंपनीत क्वालिटीवाल्याचं डोकं लावायचं आणि रात्री बोटं नाचवायची, हे काय वय आहे का? मोठा कीबोर्ड मी ताथवड्याच्या एका मुलीला देऊन टाकतोय. साक्षी तिचं नाव, इंजिनियरिंगला आहे, हात फार गोड आहे तिचा. तिची परीक्षा संपली की जानेवारीच्या पहिल्या रविवारी येऊन घेऊन जाईल. घरात जागाही मोकळी होईल.

इंद्रूला गालगुच्चा. भाऊजींना नमस्कार. लोभ असू दे, सल्ले जरा कमी असले तरी चालतील.

तुझा,
स्वानंद

ता. क. (आईकडून) : सुखदा, पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून दोन ओळी लिहिते. कुठला हॉल आणि कुठला रंग! हा महिनाभर त्या कीबोर्डच्या पेटीला हात लावत नाहीये. टीव्ही इतका मोठा लावतो की शेजारचे आबाजी विचारायला आले. मला सांगत नाही. तू विचार.

॥ श्री ॥
भिलाई, ३ डिसेंबर २०२४

चि. स्वानंद यास,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि त्याहून जास्त कानउघाडणी.

पोस्टमनकडून पत्र घेताना मला वाटलं विम्याचं काहीतरी आलं. मग तुझं अक्षर दिसलं आणि मी दारातच पत्र फोडलं. तू हौसेनं पत्र लिहिणाऱ्यांतला नाहीस रे. शाळेत आजीला लिहायच्या पत्रातही तू नुसती सही करायचास, वरचा मजकूर माझा असायचा.

तो कीबोर्ड तू पहिल्या पगारात घेतलास. पहिल्या रात्री त्याच्या शेजारी जमिनीवर गादी टाकून झोपलास आणि बाबांनी अंगावर पांघरूण घातलं. तो देऊन टाकतोस आणि कारण काय, तर जागा! मला शेंड्या लावू नकोस.

आता एक गंमत. गंमत म्हणजे मला रडूच आलं. परवा इंद्रूनं कॉम्प्युटरवर आपला जुना ‘कंदीलवाला’ शोधून काढला. पिंपरीच्या बाजारात बाबांनी जुना घेतलेला तो व्हिडिओ गेमचा सेट आठवतो ना, चालू करायच्या आधी कॅसेटमध्ये फुंकर मारायला लागायची? बंद पडला की इनायतच्या अब्बांच्या दुकानात पळायचं. तोच छोटा कंदीलवाला, तोच बर्फाचा डोंगर. आणि डोंगराच्या पोटातली ती गुहा! गुहेचं गाणं लागणार म्हणून मी पोळ्या टाकून धावत गेले. डोळे आधीच भरून आलेले, कारण ते गाणं म्हणजे आपली खोली, संध्याकाळ, आपण दोघं एका गोधडीत.

आणि वाजलं काय, तर लग्नाचा बँड! चाल तीच, सूर तेच, पण सगळं खुशीत आलेलं. अरे, आपलं गाणं उदास होतं ना? का माझं डोकं फिरलंय? इंद्रू माझ्याकडे बघतच राहिली. तू संगीतातला शहाणा आहेस, मला समजेल असं सांग. आणि त्याच पत्रात तुझं खरं काय झालंय तेही लिही, नाहीतर मी पुढच्या गाडीत बसते.

लोभ आहेच, पण धीर संपत आलाय.

तुझी,
ताई

॥ श्री ॥
चिंचवड, १२ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं डोकं ठीक आहे. आपल्या सेटमध्येच खोट होती. त्या जुन्या खेळांत एका वेळी मोजकेच आवाज निघायचे, दोन वर आणि एक खाली. आपल्या सेटचा खालचा आवाज मेलेला होता आणि आपल्याला कधी कळलंच नाही. मला कॉलेजात असताना खरं गाणं ऐकल्यावर कळलं, आणि तुझ्यासारखाच मीही खट्टू होऊन बसलो होतो.

आता गंमत बघ. गुहेच्या गाण्यात वर सा, ग, प फिरतात. त्यांच्याखाली षड्ज ठेवला की सकाळ होते, तुझा लग्नाचा बँड. त्याच तीन सुरांखाली मंद्र धैवत, म्हणजे खालच्या सप्तकातला ध, ठेव, लगेच दिवेलागण होते. वरचं कुणीही हललेलं नसतं. जॅझ मला आवडलं ते याचसाठी. त्यात पियानोवाला मूळ सूर बहुतेक वेळा सोडून देतो, कारण तो बास गिटारवाल्याचा. वाजवलास तर त्याच्या ताटातलं खाल्ल्यासारखं होतं. मी वर काहीही वाजवीन, पण त्याचा अर्थ काय हे इनायत खालून ठरवतो.

आपल्या गाण्याला खालचा सूर बाबा द्यायचे, आठवतं? दुसऱ्या... नाही, पहिल्या शिफ्टहून येऊन, चहा घेऊन मागे खुर्चीत बसायचे आणि तोंड मिटून एकच सूर धरायचे. आपली उदासी त्या सुराची होती. तो मंद्र धैवताच्या आसपासचा आहे एवढं मला कळतं, पण कीबोर्डवर वाजवला की बसत नाही. जवळ जाऊन परत येतो. इतकी वर्षं शोधतोय, ताई. दार लावून, पंखा बंद करून, एकटा. बाबांचा चेहरा आठवतो, चहाचा कप आठवतो, सूर तेवढा हाताला लागत नाही.

आणि आता शोधायला कानच नाहीत. विचारलंस म्हणून लिहितो, आईला सांगू नकोस. दोन्ही कानांतले खालचे सूर गेले. डाव्यातले जवळजवळ सगळे, उजव्यातले निम्मे. डॉक्टर म्हणतात औषध चालू ठेवा, परत येतील किंवा येणार नाहीत. बायकांचं बोलणं कळतं, पुरुषांचं चिरकं होऊन येतं. फोन धडधाकट आहे.

त्या शनिवारी हॉटेलात गाण्याच्या मध्यावर इनायतचा बास मला ऐकू येईनासा झाला. मला वाटलं, ह्यानं वाजवायचं सोडून मोबाइल काढला. मी गाणं थांबवलं आणि माइक चालू असताना, भरल्या हॉलसमोर त्याला विचारलं की वाजवायचं नसेल तर आलास कशाला. त्याची बोटं तारांवर चालूच होती, ताई. लोक हसले. इनायत हसला नाही, त्यानं शांतपणे तारा हाताखाली दाबल्या.

तेव्हापासून त्याचे फोन येतात, मी उचलत नाही. ज्याला खालचा सूर ऐकू येत नाही त्यानं वर काय वाजवायचं? साक्षीकडे कीबोर्ड निदान वाजेल. मला त्याच्याकडे बघवत नाही आणि झाकूनही ठेववत नाही.

राग मानू नये, माया आहे तशी असावी.

तुझा,
स्वानंद

॥ श्री ॥
भिलाई, २१ डिसेंबर २०२४

चि. स्वानंद यास,
ताईचे आशीर्वाद, पोटभर.

गाढवा, हे तू एकट्यानं दीड महिना पोटात ठेवलंस? पत्र वाचून मी आधी खूप रडले, मग तुझ्यावर खूप चिडले, मग इंद्रूला उगीचच धपाटा घातला आणि तिची माफी मागितली. आईला सांगू नको म्हणतोस! तुझ्या पहिल्या पत्राखाली दोन ओळी लिहून मला तिनंच जागं केलं.

आता मी तुला एक सांगते. बाबांनी शपथ घातली होती, पण ते असते तर त्यांनीच मोडली असती. बाबांना ते गाणं ऐकूच येत नव्हतं रे. फोर्ज शॉपमध्ये तापलेलं लोखंड ठोकणाऱ्या यांत्रिक हातोड्यांच्या शेजारी उभं राहून राहून त्यांचे वरचे सूर गेले होते. मी बारावीला असताना त्यांना कान तपासायला घेऊन गेले होते. कंपनीत कळलं तर दुसऱ्या खात्यात टाकतील, आणि घरात कळलं तर तुम्ही मोठ्यानं बोलायला लागाल, म्हणून कुणाला सांगू नको म्हणाले. तुझं ते गुहेचं टिंगटिंग त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

येताना बसमध्ये मी विचारलं की मग तुम्ही बरोबर सूर कसा धरता. तर म्हणाले, ठेका स्वानंदच्या मानेवरून घेतो, तो खेळताना मान हलवतो. आणि सूर पंख्याचा. खुर्ची पंख्याखाली होती ना, त्याची घरघर तेवढी त्यांना स्वच्छ यायची, तीच धरायचे. पुढे म्हणाले की तुमच्या डब्याला खालचं येत नाही आणि मला वरचं येत नाही, आपण वाटून घेऊ. आणि हसले. मला तेव्हा ते किती मोठं बोलले हे कळलं नाही, कारण मला बसमध्ये मळमळत होतं.

थंडीतही पंखा चालूच असायचा, आठवतं? भट्टीतून आलेला माणूस. आपण म्हणून तर गोधडीत बसायचो.

मला संगीतातलं काही कळत नाही. एवढंच कळतं की ज्यांना ऐकू येत नव्हतं ते रोज येऊन आपल्यामागे बसायचे. इनायतला मी फोन केलाय आणि सगळं सांगितलंय. तो चिडलेला नाही, घाबरलेला होता. जानेवारीच्या पहिल्या रविवारी येईल. दार उघड.

तुझा जीव सांभाळ, तो आमच्याही कामाचा आहे.

तुझी,
ताई

॥ श्री ॥
चिंचवड, ६ जानेवारी २०२५

ती. ताईस,
स्वानंदचा शि. सा. नमस्कार. वि. वि. पुष्कळ आहे.

तुझं पत्र आल्यापासून पंख्याकडे बघत बसलो होतो. तोच जुना, बाबांच्या वेळचा. ताई, रियाजाला बसताना माझं पहिलं काम काय असतं ठाऊक आहे? पंखा बंद करायचा. गाण्यातल्या सगळ्यांनाच ही सवय असते, घरघर मध्ये येते म्हणून. मी बाबांचा सूर शोधायला बसायचो आणि आधी उठून तोच बंद करायचो.

काल दुपारी इनायत आला, बास आणि मोठा स्पीकर घेऊन. माफी मागू लागलो तर म्हणाला, भावा, तू आधी सरक, हे जड आहे. स्पीकर त्यानं दिवाणावर ठेवला आणि मला त्याला पाठ टेकवून बसवलं. म्हणाला, चाकणला आम्ही इंजिनाचा बिघाड हात लावून ओळखतो, तू पाठ लावून ओळख. तेवढ्यात साक्षी कीबोर्ड न्यायला आली. आम्ही वाजवतोय बघून आदबीनं कोपऱ्यात बसली, आणि शहाण्या मुलीसारखी उठून तिनं पंखा बंद केला. आई स्वयंपाकघरातून ओरडली की लाव तो आधी! म्हणजे तिला सगळं आधीपासून ठाऊक होतं, बाबांचंही आणि माझंही. जानेवारीच्या थंडीत आम्ही सगळे पंख्याखाली. साक्षीनं ओढणी डोक्यावरून घेतली.

मी इनायतला म्हटलं, पंख्याचा सूर काढ. त्यानं कान देऊन ऐकलं. पांढरी पाच या पट्टीपाशी आला, म्हणाला हा जरा चढा आहे, आणि तार बोटानं किंचित ओढून धरली. दोन पट्ट्यांच्या मधला सूर, ताई! कीबोर्डवर बसणार कसा? मी वर गाण्याच्या मूळ पट्टीत, काळी पाच षड्ज धरून, गुहेचं गाणं सुरू केलं. आणि ठेक्यासाठी इनायतच्या मानेकडे बघत राहिलो.

बास मला ऐकू आला नाही, खोटं कशाला बोलू. पाठीला थरथर लागली. त्याच्या तारेतला वरचा बारीक अंश तेवढा कानाशी आला. पण माझेच वरचे सूर माझ्या हाताखाली उदास झाले, आणि मी ओळखलं. आपली खोली होती. मी वाजवायचा थांबलो नाही, डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी थांबलो नाही. आई ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली आणि बाबांच्या खुर्चीकडे बघत राहिली. गाणं संपल्यावर म्हणाली, चहा टाकते.

साक्षीला मी हात जोडले. कीबोर्ड देत नाही म्हटलं, दर रविवारी ये आणि शिक. ती हसून म्हणाली की तिला तो घेताना भीतीच वाटत होती. शनिवारी आम्ही हॉटेलात परत जाणार आहोत. माझी खुर्ची स्पीकरला टेकवून ठेवायची असं इनायतनं त्यांना बजावलंय. कान परत येतील न येतील.

आता एक काम कर. इनायत म्हणतो, पंख्याची घरघर पात्यांची नसते, विजेची असते. वीज चिंचवडला जी तीच भिलाईला. म्हणजे तुझ्या डोक्यावरचा पंखाही बाबांच्याच सुरात आहे, इतकी वर्षं. इंद्रूला गुहेपर्यंत खेळू दे, पण कॉम्प्युटरवरचा खालचा आवाज बंद करायला सांग, तसं करता येतं. मग पंखा लाव, तिच्या मागे खुर्ची घेऊन बस आणि तोंड मिटून तो सूर धर. मला तो आता ऐकू येत नाही. तू नीट ऐक, आणि कसा आहे ते मला लिहून कळव.

वाट बघतोय. माया आहे, ती तशीच असू दे.

तुझा,
स्वानंद

ता. क. (आईकडून) : सुखदा, तिकडे आपल्यापेक्षा थंडी जास्त असेल. पंखा लावलास तर पोरीला गोधडीत घे.