शेवटच्या दिवसाची सहा हजार पावलं

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर मला हे सांगता आलं नसतं, म्हणून कागद घेतला. सध्या एका गोदामात पार्सलं लावतो. मुकादम भला माणूस आहे, फक्त घोरतो, तेही उभ्याउभ्या. पण ते राहू दे, भलतीकडेच चाललो.

गेल्या वर्षी बाबांना हृदयाचा झटका आला, तेव्हा तू ती तीन यंत्रं पाठवलीस, आठवतं? ठोके मोजणारी छातीवरची पट्टी, झोप मोजणारी अंगठी, पावलं मोजणारं घड्याळ. तिन्ही मीच एका खात्यात जोडली, तुला तिकडे सगळं एकत्र दिसावं म्हणून. घरात एवढं एकच काम मी धड केलं, असं बाबा म्हणायचे. महिन्याभरात मी पुन्हा घर सोडलं. निघताना घड्याळ त्यांनीच माझ्या मनगटाला बांधलं. म्हणाले, मला आता कुठे जायचंय, भिंगरी तुझ्या पायाला. माझ्या फोनवर त्यांचंच खातं उघडं होतं, ते तोडायचं ध्यानातच आलं नाही. यंत्रांना काय कळतंय. त्यांनी सगळ्याची मोट बांधून एक माणूस उभा केला. ठोके बाबांचे, झोप बाबांची, पाय माझे.

मध्ये मी तापाने पडून होतो. बाबांचा फोन आला, काल पावलं तीनशेच भरली, आजारी आहेस का रे? जन्मभर दारोदार विजेची मीटर वाचलेला माणूस रोज संध्याकाळी माझं रीडिंग घेत होता. मी म्हटलं, ताईला सांगून दुरुस्त करतो. तर म्हणाले, राहू दे, ती आकडे बघून निवांत असते, आणि मला तुझी खबर लागते. मग मीही दुरुस्त केलं नाही. ते खुर्चीतून उठतही नव्हते, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आणि बाबा रोज आठ हजार चालतात म्हणून तू घरच्या फेऱ्या कमी केल्यास.

परवा तुझा निरोप आला. बाबांना जाऊन तीन आठवडे झाले तरी पावलं वाढतायत, आता कंपनीशी भांडणार म्हणालीस. भांडू नकोस. ती माझी आहेत, पहिल्यापासून. शेवटच्या दिवशीही बाबा सहा हजार चालले असं तू सगळ्यांना सांगतेस ना, तीसुद्धा. बाबा गेले तेव्हा तुला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही, म्हणून आलो नाही. हे पत्र तुला मिळेल तेव्हा मी तुझ्याकडे यायच्या वाटेत असेन. शिव्या समोर बसून दे, पण खातं एवढ्यात बंद करू नकोस. शेवटचा टप्पा चालत येतोय. संध्याकाळी आकडा बघत जा, बाबा बघायचे तसा.

तुझाच,
भिंगरी