थेट प्रक्षेपणाला नकार

बुधवार, संध्याकाळ

सोमवारी सकाळी देवापुढे बसलो, पण मन परिषदेतच. आमच्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टांच्या, म्हणजे मोठी चिरफाड न करता नळीतून उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या, संस्थेने येत्या परिषदेत थेट प्रक्षेपणाचा मान मला दिला होता. मी बारीक नळीतून यकृताच्या गाठीचा रक्तपुरवठा बंद करणार आणि सभागृह ते पडद्यावर पाहणार. गावी दादाला सांगूनही झालं होतं.

सुई टोचण्यापूर्वी मी पेशंटच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर डोळे मिटतो. संस्थेचा सचिव लिम त्यावर हसून, इथल्या सवयीचं 'लाह' शेवटी जोडत म्हणाला, "ते जरा थोडक्यात हं! लोकांना वाटेल व्हिडिओ अडकला, लाह!" मीही हसलो. पण टोचलं खरं.

दुपारी पेशंट आजींना भेटलो. संमती त्यांनी आधीच दिली होती. तरी त्यांनी हळूच विचारलं, "डॉक्टर, मध्येच काही बिघडलं तर आधी माझ्याकडे बघाल ना? की त्या लोकांशी बोलत राहाल?"

"तुमच्याकडेच," म्हणालो. पण खरंच? कानात सभागृहाचे प्रश्न चालू असताना? आणि डोळे मिटण्याचा तो क्षण, तोही घड्याळाकडे बघत?

दोन दिवस हेच डोक्यात. आज लिमला फोन केला. "केस आधीच करतो, नेहमीसारखी. परिषदेत रेकॉर्डिंग दाखवा, मी समोर उभा राहून उत्तरं देईन."

तो म्हणाला, "अध्यक्ष चिडतील. पुन्हा विचारणार नाहीत तुला."

"नाही तर नाही."

वाईट वाटेलसं वाटलं होतं. उलट हलकं वाटतंय. लगेच आजींनाही फोन करून सांगितलं, त्या दिवशी खोलीत फक्त आपली माणसं असतील.