कोनमापक माझ्याकडे आहे

सुशांत,

इराच्या कंपासपेटीतला कोनमापक मी घेतला आहे, तिला ओरडू नकोस.

काल तुझ्या बॅगेतून डबा काढताना माझ्या ऑपरेशनसाठी आणलेली कृत्रिम गुडघ्यांची दोन माहितीपत्रकं सापडली. तू तर म्हणाला होतास, "आई, दोन्ही सारखेच." मी चित्रांवर कोनमापक लावून पाहिला. एक गुडघा नव्वद अंशांवर थांबतो, दुसरा सव्वाशेपर्यंत वाकतो. तीस वर्षं भूमिती शिकवली आहे मी. हे सारखे नव्हेत.

आज सकाळी गवंडी येऊन कमोडसाठी मापं घेऊन गेला. म्हणाला, साहेबांनी मागच्या रविवारीच सांगितलंय. मग विळी शोधली, तर ती माळ्यावर, पेपरात गुंडाळलेली. म्हणजे मी यापुढे खाली बसायचं नाही, हे तुम्ही ठरवूनच टाकलंत? डॉक्टरांनी तुला एकट्याला आत बोलावून काय सांगितलं?

ते विचारायला मीच रिक्षाने त्यांच्याकडे जाते आहे. कुकर झाला आहे, आमटी गरम करून घ्या. रुचिराला काही विचारू नकोस, माझ्या सुनेने मला काही सांगितलेलं नाही; ती कालपासून नुसती माझी नजर चुकवते आहे.

विळी खाली काढून ठेव. आल्यावर नारळ मीच खवणार आहे, खाली बसून. दुखलं तरी.

आई